खुत्बा, मेहराब, घाट: रोहिणखेडचे शब्द

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत इजिप्तचा विषय काढा. पिरॅमिड, ममी, स्फिंक्स, फॅरो, ओसायरिस अशी नावं मुलं धडाधड सांगतात. एकाच दगडातून घडवलेल्या उंच, निमुळत्या स्तंभाला ओबेलिस्क म्हणतात, राजाचं नाव ज्या लंबगोल चौकटीत कोरत तिला कार्टूश म्हणतात, हेही एखादी चुणचुणीत मुलगी सांगून जाते. मी हा विषय वर्षानुवर्षं शिकवला आणि त्यात मनापासून रमलो. पण हीच मुलं मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत उभी केली की गप्प होतात. पश्चिमेच्या भिंतीतला तो कोनाडा कसला, खुत्बा म्हणजे काय, तरफदार कोण, महदवी कोण, यातलं एकही नाव त्यांच्या ओठांवर येत नाही. दोष मुलांचा नाही, आम्ही त्यांना हे शब्द दिलेच नाहीत. आणि रोहिणखेडचे शब्द काही लहानसहान नाहीत. त्यांचा माग काढत निघालं तर दौलताबाद, बुऱ्हाणपूर, अकबराचा दरबार आणि थेट कैरोपर्यंत जावं लागतं.

पहिला शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला: घाट. आमच्या जिल्ह्यात सोयरीक जुळवतानाही 'घाटावरचे की घाटाखालचे?' असं विचारतात. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा घाटाखाली. जुन्या कागदपत्रांत हेच बालाघाट आणि पायनघाट. अजिंठ्याच्या डोंगररांगेची ही धार म्हणजे वऱ्हाडच्या नकाशातली खरी सीमारेषा आणि रोहिणखेड बरोबर तिच्या पायथ्याशी. दौलताबाद किंवा अहमदनगरकडून येणारी फौज घाट उतरली की इथे सपाटीला लागते. बुऱ्हाणपूरकडून येणाऱ्या फौजेला घाट चढण्याआधी इथेच दम घ्यावा लागतो. या गावाच्या शिवारात दोन मोठ्या लढाया झाल्या त्या या जागेमुळे. गावात किल्ला नव्हता, राजधानी नव्हती. होती ती वाट.

पहिली लढाई १४३७ची. तिच्या मुळाशी एका लेकीची तक्रार आहे. खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी, म्हणजे ज्याने बुऱ्हाणपूर वसवलं तो. त्याची मुलगी आगा झैनब बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदाला दिलेली होती. सुलतानाने कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची मुलगी राणीवशात आणली, तिच्यावर त्याचा जीव जडला आणि झैनबने बापाला कळवलं. बाप फौज घेऊन वऱ्हाडात शिरला. वऱ्हाडचा बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि वऱ्हाडातल्या मशिदींतून नासिरखानाच्या नावाचा खुत्बा वाचला गेला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो.

इथे दुसरा शब्द आला. खुत्बा म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचं प्रवचन. मेहराब या कोनाड्याशेजारच्या पायऱ्यांवर, म्हणजे मिंबरावर, उभं राहून खतीब ते देतो आणि त्यात राज्यकर्त्याचं नाव घेतलं जाई. ज्याच्या नावाचा खुत्बा आणि ज्याच्या नावाचा सिक्का, तो राजा. वर्तमानपत्रं नसलेल्या काळात राज्य बदलल्याची बातमी माणसाला मिंबराच्या त्या पायऱ्यांवरून कळत असे. बहमनींना तर या दोन गोष्टींची मान्यता इतकी मोलाची वाटे की पहिल्या महंमदशहा बहमनीची आई १३६०च्या सुमारास हजला गेली तेव्हा तिने इजिप्तमधल्या अब्बासी खलिफाकडून मुलासाठी खुत्ब्याची आणि नाण्याची परवानगी मिळवली, अशी नोंद आहे. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटल्यावर अब्बासी खलिफांची गादी कैरोला आली होती, म्हणून ही परवानगी इजिप्तमधून. गुलबर्ग्याच्या सुलतानाच्या नावाला नाईलकाठच्या खलिफाचा आधार होता आणि पुढे त्याच राज्याच्या वऱ्हाडात बहमनी सुलतानाचं नाव खुत्ब्यातून पुसलं गेलं. नासिरखानाने केलेला घाव कुठे बसला, ते यावरून कळावं.

त्याच्यावर धाडला गेला तो दौलताबादचा तरफदार खलफ हसन. बहमनी राज्याचे चार मोठे प्रांत म्हणजे तरफा: दौलताबाद, वऱ्हाड, बीदर, गुलबर्गा. त्यांचे अधिकारी ते तरफदार. हा खलफ हसन मूळचा बसऱ्याचा व्यापारी, म्हणून त्याचा किताब मलिक-उत-तुज्जार, व्यापाऱ्यांचा सरदार. त्याने सुलतानापुढे एकच अट ठेवली: सोबत फक्त गरीब द्या, दखनी नकोत. आजच्या मुलाला 'गरीब' म्हटलं की दारिद्र्य आठवेल, पण तेव्हा गरीब किंवा आफाकी म्हणजे इराण, अरबस्तान, मध्य आशियातून आलेले परदेशी सरदार आणि दखनी म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथेच रुजलेले. खलफ हसन घाट उतरला, रोहिणखेडला नासिरखानाचा धुव्वा उडवला आणि पाठलाग करत बुऱ्हाणपूरला पोचून ते लुटलं. नासिरखान त्याच वर्षी वारला. या विजयाचं बक्षीस म्हणून दरबारात परदेशी सरदारांना सिंहासनाच्या उजव्या हाताला जागा मिळाली. दखनी आणि हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे सरदार, डाव्या हाताला गेले. पुढे याच वैराने बहमनी राज्य आतून पोखरलं. बहमनी वजीर महमूद गावानचा १४८१ सालचा खूनही याच वैरातून झाला. एका घाटाखालच्या गावातल्या विजयाने ही फूट दरबारात उजवी-डावीकडे मांडून ठेवली, असं मी वर्गात सांगत आलो आणि आजही तेच म्हणेन.

दुसऱ्या लढाईआधी मशिदीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ती लढाईआधीची आहे. वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने संपवली आणि वऱ्हाड अहमदनगरकडे गेलं. त्यानंतर इथे जहागिरी मिळालेल्यांत खुदावंदखान हा सरदार होता. साखरखेर्डा, म्हणजेच फत्तेखेर्डा, इथली मशीद त्याने १५८१ मध्ये बांधली आणि रोहिणखेडची १५८२ मध्ये. दोन्ही लहान, पण देखण्या. मोठ्या राजधानीतल्या इमारतींची भव्यता त्यांच्यात शोधू नये. एका सरदाराने पाठोपाठच्या दोन वर्षांत दोन खेड्यांत मशिदी उभाराव्यात, यातच त्याची वऱ्हाडबद्दलची ओढ दिसते.

या माणसाची ओळख 'मआसिर-उल-उमरा' या मोगल सरदारांच्या चरित्रकोशात सापडते. बाप मशहदचा, आई हबशी. धिप्पाड, नामांकित शूर. आणि रोहिणखेडची मशीद त्याने बांधली, असा स्पष्ट उल्लेख. हा ग्रंथ लिहिणारा शाहनवाजखान औरंगाबादकर स्वतः वऱ्हाडचा दिवाण होता, तेव्हा या मशिदीची माहिती त्याला असणं साहजिक आहे. अहमदनगरच्या सलाबतखानाशी बिनसल्यावर वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तजा सब्जवारी हरला आणि त्याच्यासोबत खुदावंदखानही १५८५च्या सुमारास अकबराकडे गेला. अकबराने त्याला हजारी मनसब दिली, गुजरातेत पाटणची जहागीर दिली आणि दरबारी इतिहासकार अबुल फज्लच्या बहिणीशी त्याचा निकाह झाला. जुन्या गॅझेटिअरांत त्याला महदवी आणि दुसरी लढाई लढणाऱ्या जमालखानाचा अनुयायी म्हटलं आहे; या दोघांबद्दल पुढे सांगतो. पण त्या १५९१च्या लढाईआधीच तो गुजरातेत वारला, असं चरित्रकोश म्हणतो आणि माझा विश्वास चरित्रकोशावर आहे.

त्याच कोशातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. अबुल फज्लने काही उमरावांना जेवायला बोलावलं. खुदावंदखानापुढे कोंबडी, शिकारीचं मांस, भाज्या आल्या. इतरांपुढे भाजलेलं मटण. खानाच्या ते लक्षात आलं आणि तो उठून चालता झाला. बादशहाने समजूत घातली की हिंदुस्थानात पाहुण्याला असंच वाढायची रीत आहे, त्यात तुमचा अपमान नाही. खानाचं मन काही वळलं नाही. मेव्हण्याच्या घरी तो पुन्हा कधी गेला नाही. म्हणून दखनी लोक हिंदुस्थानात मूर्ख म्हणून गाजले, असा शेरा तिथे मारला आहे. मला तो शेरा अजिबात पटत नाही. पंगतीत वाढण्यात दुजाभाव झाला तर ताटावरून उठणारी माणसं आमच्या वऱ्हाडात मी पाहिली आहेत आणि त्यांना कुणी मूर्ख म्हणत नाही. रोहिणखेडची मशीद बांधणारा माणूस दरबारात गेला, बादशहाचा मनसबदार झाला आणि तरीही मानापमानाच्या बाबतीत इथलाच राहिला.

आता महदवी. जौनपूरच्या सय्यद महंमदाने पंधराव्या शतकात आपण महदी असल्याचं जाहीर केलं. १५०५ मध्ये तो आजच्या अफगाणिस्तानातल्या फराहला वारला. त्याचे अनुयायी दख्खनमध्ये पुष्कळ होते, दायरा नावाच्या वस्त्या करून राहत, साधेपणा पाळत. १५८९ मध्ये अहमदनगरला राजाचा खून आणि परदेशी लोकांची कत्तल झाल्यानंतर सत्ता महदवी जमालखानाच्या हाती आली. कोवळा इस्माईल गादीवर होता आणि जमालखानाने शिया निजामशाहीत महदवी पंथ राजधर्म केला. म्हणजे पुन्हा खुत्बा बदलला. इस्माईलचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन तो पोराच्या हातून राज्य घ्यायला निघाला आणि दोन्ही फौजा १५९१च्या मे महिन्यात रोहिणखेडला भिडल्या. काही पुस्तकांत १५९० छापलेलं आढळतं. फिरिश्त्याने दिलेली तारीख हिजरी ९९९च्या रज्जब महिन्याची आहे. ते हिजरी वर्ष ऑक्टोबर १५९० मध्ये सुरू झालं आणि रज्जब मे १५९१ला आला. गोंधळाचं कारण एवढंच.

मे महिन्यातलं घाटाखालचं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला फिरिश्त्याचं वर्णन वेगळं समजावून सांगायला नको. घाट शत्रूने रोखलेला, आडवाटेने उतरलेली फौज तहानेने कासावीस. तरीही जमालखान जिंकत आला होता. तेवढ्यात बंदुकीची गोळी त्याच्या कपाळात बसली आणि लढाई संपली. इस्माईल पकडला गेला, बाप गादीवर बसला, शिया खुत्बा परत आला, महदवींचे हाल झाले. पाच वर्षांत चांदबीबीला अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड अकबराला द्यावं लागलं. घरातल्या भांडणाची ही किंमत होती.

दोन्ही लढायांच्या विजेत्यांनी गावात काहीही ठेवलं नाही. राहिली ती मशीद. एकदा वर्गातल्या एका मुलाने मेहराबीकडे बोट दाखवून विचारलं, "सर, हा देव्हारा हाय का?" मी काही बोलायच्या आत तिथले एक म्हातारे चाचा म्हणाले, "नाई बेटा, याच्यात काई ठेवत नाई. याच्याकडं तोंड करून उभं राह्याचं." मेहराबीचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या ग्रंथात मिळालं नाही. आत मूर्ती नाही, दिवा नाही. किब्ला कुठे, म्हणजे मक्केची दिशा कोणती, एवढंच ती सांगते. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून मेहराब पश्चिमेच्या भिंतीत. मग मी मुलांना सांगितलं की भिंतीत असा खोल कोनाडा करण्याची रीत मदिनेच्या मशिदीत ७०७ ते ७०९च्या बांधकामात आली आणि तो घडवणारे कारागीर इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती होते, अशी परंपरागत नोंद आहे. ज्या इजिप्तचे पिरॅमिड त्यांना पाठ होते, तिथल्या गवंड्यांचं नाव त्यांना स्वतःच्या तालुक्यातल्या भिंतीपाशी ऐकू आलं. पोरं एकदम पुढे सरकून हात लावून बघू लागली.

रोहिणखेडच्या सहलीत मी कोथळीची हेमाडपंती देवळंही दाखवत असे, कारण तीही याच तालुक्यातली. तिथले शब्द वेगळे: गर्भगृह, अंतराळ, मंडप, कीर्तिमुख. चुना न वापरता दगडावर दगड बसवणारे हात आणि कमान उभी करणारे हात एकाच मातीतले असावेत, असं मला ती दोन्ही कामं पाहताना नेहमी वाटतं.

माझी विनंती मोताळा, मलकापूर आणि बुलढाण्याच्या शिक्षकांना आहे. स्थानिक इतिहासाचा तास असेल तेव्हा मुलांना रोहिणखेडला न्या. नमाजाची वेळ टाळा, चपला बाहेर काढा, गावातल्या जाणत्या माणसांना आधी विचारा. मेहराब, मिंबर, किब्ला, सहन (मशिदीचं अंगण), वजूचा (नमाजाआधी हातपाय धुण्याचा) हौद हे शब्द ज्या त्या जागेपाशी उभं राहून सांगा आणि मुलांकडून वहीत चित्रासह लिहून घ्या. सोबत १४३७, १५८२ आणि १५९१ ही तीन सालंही लिहायला लावा. मार्चनंतर मात्र जाऊ नका, घाटाखालचं ऊन पोरांना सोसत नाही.