एकच भाव

मराठीत 'भाव' या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत, आज त्यातले दोनच घेऊ. कापडदुकानात पाटी असते, 'एकच भाव'. आणि त्याच दुकानातून बाहेर पडणारी एखादी बाई मैत्रिणीला म्हणते, 'अगं, त्यांनी मला भावच दिला नाही.' दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असू शकतात. ती कशी, हा आजचा विषय.

वस्तूला सर्वांसाठी एकच किंमत, ही कल्पना आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी कापडवाला आधी गिऱ्हाईक बघायचा आणि मग भाव सांगायचा. पायातली वहाण कशी, बोलण्याची ढब कशी, सोबत गडीमाणूस आहे का, हे बघून. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी हे नाकारलं. जी किंमत आपण घेणार नाही ती सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असा त्यांचा साधा युक्तिवाद. त्यांच्या दुकानात लहान मुलाला पाठवलं तरी व्यवहार चोख होई, असं पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी नोंदवलं आहे. आता गंमत बघा. हीच माणसं न्यायाधीशापुढे टोपी काढत नसत, आणि लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणत. इंग्रजीतही तेव्हा आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' होतं ना! भाव एक आणि संबोधनही एक. त्यांच्या लेखी ही एकाच तत्त्वाची दोन अंगं होती. पुढे ती एकमेकांपासून सुटी झाली, आणि तिथेच सगळी गोम आहे.

एकोणिसाव्या शतकात मोठी दुकानं आली. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर स्ट्युअर्ट यांनी १८४६ मध्ये ब्रॉडवेवर संगमरवरी दुकान उघडलं. पॅरिसमध्ये १८५२ पासून अरिस्तिद बूसिको यांनी 'बों मार्शे' वाढवलं. छापील किंमत, कुणीही आत यावं, न घेता परत जावं. या मागे क्वेकरांची सचोटीच होती असं समजू नका. हाताखाली शेकड्यांनी नोकर असले की प्रत्येकाच्या घासाघिशीवर मालक विसंबणार कसा? समता आली, पण हिशेबाच्या सोयीने आली. कांटने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला होता. ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत, ज्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा. या दुकानांनी पहिलीची चिठ्ठी लावली. दुसरीचं काय?

ते अमेरिकेच्या दक्षिणेत दिसलं. तिथल्या पुष्कळ दुकानांत कृष्णवर्णीयांकडून पैसे घेत, चिठ्ठीवरचेच घेत. पण कपडा अंगाला लावून बघू देत नसत. टोपी घालून बघायची तर आत रुमाल ठेवायचा. बुटांसाठी घरून कागदावर पावलाची आकृती काढून आणायची. परत करायची सोयही बहुधा नाही. गोऱ्या बाईला 'मिसेस' अमुक, आणि हिला नुसतं नावाने. पैसा बाटत नव्हता, अंग बाटवत होतं. हे आपल्याला निराळं समजावून सांगायला नको.

१९६३ च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांनी बाजारपेठेतल्या दुकानांवर बहिष्कार टाकला, तोही ईस्टरच्या तोंडावर, म्हणजे नव्या कपड्यांच्या ऐन खरेदीत. आदल्या वर्षी दुकानदारांनी अपमानकारक पाट्या काढण्याचं वचन दिलं होतं आणि मोडलं होतं. अटका झाल्या, मुलांवर पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली गेली. १० मेच्या समझोत्यात कपडे घालून बघायच्या खोल्या सर्वांना खुल्या करण्याचं कलम होतं, आणि त्याला मुदत सर्वांत कमी, तीन दिवसांची. खाण्याच्या काउंटरला साठ दिवस! इतिहासाच्या पुस्तकांत काउंटर गाजला, खोली मागे पडली.

पुढच्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्यात हॉटेलं, खानावळी, नाट्यगृहं, पेट्रोलपंप आले. कपड्यांचं दुकान त्या यादीत नाही. म्हणून वादींना १८६६ च्या, करार करण्याच्या समान हक्काच्या कायद्याकडे वळावं लागतं. १९९५ मध्ये मेरीलँडमधल्या एका दुकानात कृष्णवर्णीय मुलाला अंगातला शर्ट काढून ठेवायला लावला. आदल्या दिवशी तिथेच घेतलेला, पण पावती जवळ नव्हती. १९९७ मध्ये ज्युरीने त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना मिळून दहा लाख डॉलर भरपाई दिली. मात्र हा वर्णभेद होता, हे काही मान्य केलं नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, प्रवेशाच्या यादीत पहिला शब्दच 'दुकाने' आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत यावर शंका निघाल्या तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की 'दुकान' याचा अर्थ नुसता आत पाय ठेवू देणं एवढा नाही, तिथली सेवाही त्यात येते. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, आणखी पुढे जातो. इतरांना जिथे, ज्या वेळी, ज्या अटींवर माल विकता, तिथेच, त्याच वेळी, त्याच अटींवर विकायला अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणं हा गुन्हा. 'त्याच वेळी' हे शब्द मोलाचे आहेत, कारण 'जरा थांब' म्हणणं हा अपमानाचा सर्वांत स्वस्त प्रकार. आणि कलम १२ नुसार, वागणूक मिळालेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेतूनच घडलं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुकानदाराने सिद्ध करायचं. मेरीलँडच्या मुलांना जे दाखवता आलं नाही त्याचं ओझं इथे समोरच्यावर आहे.

साडी साधी म्हणून, मराठी गावाकडची म्हणून, ज्या बाईपुढे थान उलगडत नाहीत, तिच्यासाठी मात्र असं गृहीतक कुठल्याच कायद्यात नाही.