कुलपतींची पंगत

पंढरपुरातल्या एखाद्या जुन्या घराची ट्रंक उघडली तर तीन पिढ्यांची पदवीपत्रे निघतात. आजोबांचे पुणे विद्यापीठाचे, वडिलांचे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे, नातीचे सोलापूरचे. घर जागचे हलले नाही, विद्यापीठ बदलत गेले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले आणि सोलापूर जिल्हा पुण्याकडून कोल्हापूरकडे गेला. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला या एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते.

या पदवीपत्रांवर सही असते कुलगुरूंची. त्यांच्या वर कुलपती, म्हणजे राज्यपाल. दोन्ही शब्दांत ‘कुल’ आहे. संस्कृतात कुल म्हणजे घराणे, तसाच समूहही. कुलगुरू हा मुळात घराण्याचा गुरू, जसे रघुकुळाचे वसिष्ठ. हिंदी मुलखात मात्र आपल्या कुलगुरूंना ‘कुलपति’ आणि राज्यपालांना ‘कुलाधिपति’ म्हणण्याची रीत पडली. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये ‘कुलगुरु’ हे नाव घेतले.

कुलपती हा शब्द कुलगुरूहून भारदस्त. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमाचे प्रमुख कण्व हे कुलपती आहेत. जुनी व्याख्या अशी, की दहा हजार मुनींना अन्न देऊन, त्यांचे पोषण करून जो शिकवतो तो कुलपती. अध्यापनाआधी अन्न येते, ते याच शब्दात.

पंढरपूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. आषाढीची एकादशी सरली की द्वादशीला मठामठांत पारण्याच्या पंगती बसतात. वाढपी वारकऱ्याला गाव विचारत नाही, पानात काय हवे ते विचारतो.

इथल्या एका महाविद्यालयाला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. पद कोणतेही नसताना या दांपत्याने कुलपती या शब्दाचा जुना अर्थ जगून दाखवला.

आजही खेड्यातली मुले पहाटेच्या एसटीने, कधी नुसत्या चहावर, कॉलेज गाठतात. प्रत्येक महाविद्यालयात त्यांच्यासाठी परवडणारे, पोटभर जेवण हवे. मूल उपाशीपोटी तासाला बसते तोवर कुलपती हा शब्द आपल्याकडे अर्धाच वापरला जातो आहे.