स्थूलताशस्त्रक्रियेनंतरचा आहार व वजनातील बदल

तीव्र लठ्ठपणावर उपचार म्हणून जठराचा आकार कमी करणाऱ्या अथवा अन्नाचा लहान आतड्यातील मार्ग बदलणाऱ्या शस्त्रक्रियांना स्थूलताशस्त्रक्रिया किंवा बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची भूक, जेवणाचे प्रमाण, पचन आणि वजन यांत होणारे बदल व त्यांच्याशी जुळवून घेण्याची प्रक्रिया हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होत असली, तरी तिचा लाभ टिकणे पुढील अनेक वर्षांच्या आहारावर, पूरक जीवनसत्त्वांवर आणि नियमित तपासणीवर अवलंबून असते. म्हणून तिच्याकडे आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराचा पहिला टप्पा म्हणून पाहावे लागते.

शस्त्रक्रियेचे प्रकार व कार्यपद्धती : अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६७ मध्ये जठर-बायपासची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या रूपात जठराच्या वरच्या भागातून सुमारे १५ ते ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग यांना वळसा घालून अन्न पुढे जाते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कायमचा काढून उरलेल्या भागाला अरुंद नळीचा आकार देतात. आतड्याच्या मार्गात मात्र बदल करीत नाहीत. या शस्त्रक्रियांचा परिणाम केवळ जागा कमी झाल्याने होत नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश वाहणारे रसायन, मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्ह पद्धतीत नेमका तोच भाग काढला जातो. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारी जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. सुरुवातीच्या महिन्यांत अनेक रुग्णांना भूकच लागत नाही, त्यामागचे कारण हे आहे. मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच घटू शकत असल्याने इन्शुलिन व इतर औषधांच्या मात्रा शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्याने ठरवाव्या लागतात.

आहाराचे टप्पे : जठरावरील टाके भरून येईपर्यंत त्यावर ताण पडू नये, यासाठी आहार क्रमाक्रमाने वाढवतात. रुग्णालयांच्या पद्धतींत थोडाफार फरक असला, तरी सर्वसाधारण क्रम सारखाच असतो. पहिले एक-दोन दिवस पाणी, गाळलेले वरणाचे पाणी किंवा सूप असे पातळ पदार्थ घोटघोट देतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे ताक, दूध, मुगाचे गाळलेले कढण आणि प्रथिनांची भुकटी मिसळलेली पेये असा द्रव आहार असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले वरण, कुस्करलेले पनीर, घट्ट दही, उकडून वाटलेल्या भाज्या असे पदार्थ येतात आणि त्यापुढे मऊ शिजवलेली खिचडी, अंडे, मासे यांची भर पडते. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी रुग्ण घरच्या नेहमीच्या जेवणाकडे वळतो, परंतु त्याचे प्रमाण काही चमच्यांपासून एखाद्या लहान वाटीपुरतेच असते. घट्ट गोळा होणारा भात, मऊ पाव आणि चिवट मटण हे पदार्थ अनेकांना दीर्घकाळ सोसत नाहीत.

जेवणाची नवी रीत : लहान घास, सावकाश व पूर्ण चर्वण आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबणे, ही या आहाराची मूलभूत शिस्त आहे. जेवताना आणि त्यानंतर सुमारे अर्धा तास पाणी पिणे टाळावे लागते, कारण द्रवामुळे लहान पिशवी लवकर भरते किंवा अन्न वेगाने पुढे ढकलले जाते. दिवसभरात दीड लिटर वा त्याहून अधिक द्रव पोटात जावे म्हणून जेवणांच्या मधल्या वेळात थोडेथोडे पाणी प्यावे लागते. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी सर्वसाधारण शिफारस असून ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून ताटातील प्रथिनयुक्त पदार्थ आधी, भाजी त्यानंतर आणि भाकरी, पोळी किंवा भात शेवटी, असा क्रम सुचवतात. वरणभात-पोळीवर आधारलेल्या शाकाहारी जेवणातून एवढ्या कमी आकारमानात पुरेशी प्रथिने मिळणे अवघड असल्याने पनीर, दही, सोयाबीन, उसळी आणि गरजेनुसार प्रथिनांची भुकटी यांचे नियोजन करावे लागते. साबुदाणा, बटाटा व रताळे यांवर भागवलेल्या उपवासाच्या दिवशी प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत, तर निर्जळी उपवासाने पहिल्या काही महिन्यांत शरीरातील पाणी धोकादायक रीतीने कमी होऊ शकते. त्यामुळे व्रतवैकल्ये पाळणाऱ्या रुग्णाने आहारतज्ज्ञाशी आधीच मोकळेपणाने बोलणे हिताचे असते.

डंपिंग व इतर तक्रारी : साखर किंवा गोड पेये जठराच्या पिशवीतून थेट लहान आतड्यात उतरली की उद्भवणाऱ्या लक्षणसमूहास डंपिंग म्हणतात, तो बायपासनंतर अधिक आढळतो. खाल्ल्यानंतर तासाभराच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, मळमळ व जुलाब होतात, तेव्हा तो लवकर होणारा प्रकार असतो. एक ते तीन तासांनी इन्शुलिनच्या अतिस्रावामुळे रक्तशर्करा घटून थरथर व गळून गेल्याची भावना येते, तो उशिरा होणारा प्रकार होय. गोड पदार्थ टाळणे आणि थोडे परंतु प्रथिनयुक्त खाणे हा दोन्हींवरील पहिला उपाय आहे. स्लीव्ह पद्धतीनंतर आम्लपित्ताचा त्रास नव्याने सुरू होऊ शकतो. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून काही महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. बायपासनंतर धूम्रपान व विशिष्ट वेदनाशामके यांमुळे जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. मद्य रक्तात जलद व जास्त प्रमाणात चढते आणि अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्यसेवनविकाराचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढलेले आढळल्याने मद्याबाबत विशेष सावधगिरी आवश्यक ठरते.

पोषक घटकांची उणीव : आहार कमी होणे आणि शोषणाचा मार्ग बदलणे या दोन्ही कारणांनी लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब१२ आणि थायमिन म्हणजेच ब१ यांची उणीव संभवते. ब१२ च्या शोषणासाठी जठरातील आम्ल व एक विशिष्ट प्रथिन लागते. मुळातच हे जीवनसत्त्व कमी असलेल्या शाकाहारी रुग्णांना त्यामुळे अधिक धोका असतो. सतत उलट्या होत असल्यास थायमिन काही आठवड्यांतच संपून दृष्टी, तोल व स्मृती यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो, म्हणून अशा उलट्यांकडे पथ्याची चूक म्हणून न पाहता तातडीने उपचार घ्यावे लागतात. कॅल्शियम रोज सुमारे १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, शक्यतो सायट्रेट स्वरूपात आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने घेतात. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास होणारी केसगळती पुष्कळांना घाबरवते. जलद वजनघटीच्या ताणामुळे होणारी ही गळती पोषण पुरेसे असल्यास बहुधा आपोआप थांबते.

वजनातील घट व पुनर्वाढ : वजन पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने उतरते, पुढे वेग मंदावतो आणि साधारण एक ते दोन वर्षांत ते नीचतम पातळीला पोहोचते. मधूनमधून वजन काही आठवडे एकाच आकड्यावर स्थिरावणे स्वाभाविक आहे, कारण शरीर लहान होत जाते तसा त्याचा ऊर्जाव्ययही घटतो. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या व चार हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के कमी झाले होते आणि दहा वर्षांनंतरची घट २५ टक्के होती. याचा अर्थ काही वजन परत येणे हा या उपचाराच्या नैसर्गिक वाटचालीचा भाग आहे आणि तरीही लाभाचा मोठा अंश टिकतो. भूक परतणे, संप्रेरकांचे समायोजन, दिवसभर थोडेथोडे अरबटचरबट खात राहणे, काही औषधे, झोपेची कमतरता आणि क्वचित पिशवी वा जोड रुंदावणे अशी पुनर्वाढीची अनेक कारणे असतात. तिला रुग्णाच्या आळसाचा किंवा दुर्बल इच्छाशक्तीचा पुरावा मानणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आणि माणुसकीला सोडून आहे. अशा दूषणांनी लाजलेला रुग्ण तपासणीला येणेच बंद करतो आणि उपाय सर्वाधिक परिणामकारक ठरले असते तो काळ हातचा जातो.

मानसिक व सामाजिक बाजू : दुःख, एकाकीपणा किंवा ताण यांवर खाण्याचा आधार घेणाऱ्या व्यक्तीचा तो आधार अचानक निघून जातो, तर आरशातील बदललेले शरीर स्वीकारण्यास मनाला वेळ लागतो, त्वचा सैल लोंबू लागल्याने काहींचे समाधान झाकोळते. ज्या घरांत पाहुण्याला आग्रह करून वाढणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते आणि पानात टाकणे दोष मानले जाते, तेथे दोन घासांत तृप्त होणाऱ्या माणसाची पंक्तीत कुचंबणा होते. कुटुंबीयांना शस्त्रक्रियेपूर्वीच समुपदेशनात सामील करून घेतल्यास हा ताण बराच कमी होतो.

दीर्घकालीन देखरेख : पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि पुढे आयुष्यभर वर्षातून किमान एकदा वजन, रक्तातील लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व साखर यांची तपासणी अपेक्षित असते. वजन वेगाने उतरत असताना गर्भाचे पोषण धोक्यात येऊ नये म्हणून १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. वजन पुन्हा वाढू लागल्यास आहाराचे पुनर्नियोजन, स्नायू बळकट करणारा व्यायाम, मानसोपचार, जीएलपी-१ वर्गातील औषधे आणि निवडक रुग्णांत पुनर्शस्त्रक्रिया हे पर्याय उपलब्ध आहेत. वाढ थोडी असतानाच रुग्ण परत येऊ शकला, तर यांपैकी सौम्य उपायही पुरेसे ठरतात. त्यामुळे त्याला निःसंकोचपणे येता येईल असे वातावरण राखणे हे उपचार करणाऱ्या चमूचे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे कर्तव्य ठरते.