एफ७, एफ८ आणि ऊसपट्ट्यातली निळी स्क्रीन

टर्बो सी ला नावं ठेवायची आता पद्धतच पडली आहे. जुनाट, सोळा बिटी, 'व्हॉइड मेन' शिकवणारा! सगळं खरं. पण एका गोष्टीचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आपल्याकडच्या कितीतरी पोरांना डीबगर पहिल्यांदा एडिटरच्या आतच भेटला, तो ह्या निळ्या स्क्रीनमुळे.

१९८३ साल घ्या. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्याच वर्षी लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी अशी तीन कॉलेजं उभी राहिली. तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखानदारीतली मंडळी. आणि गंमत म्हणजे, तिकडे कॅलिफोर्नियात बोरलँडनं त्याच वर्षी टर्बो पास्कल बाजारात आणलं. किंमत ४९.९५ डॉलर. एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये. चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी!

त्याआधी डॉसवर काय व्हायचं? एका वेळी एकच प्रोग्रॅम. एडिटरमध्ये लिहा, बाहेर पडा, कंपाइल करा, लाइन नंबर कागदावर उतरवा, परत एडिटर उघडा. डीबगर हा आणखी एक हेलपाटा. युनिक्सवाल्यांनी वेगळा मार्ग काढला. स्टॉलमनचा जीडीबी (१९८६) स्वतंत्रच राहिला, पण ईमॅक्स त्याच्याशी बोलायचं आणि चालू ओळीसमोर बाण दाखवायचं. डॉसवर ती सोय नाही, म्हणून सगळं एकाच पोटात घालावं लागलं. १९८८ मध्ये टर्बो पास्कल ५.० आणि टर्बो सी २.० मध्ये डीबगर एडिटरच्या आतच आला.

आता उदाहरण बघा. लूप लावून १० चं फॅक्टोरियल काढायचं, व्हेरिएबल साधा इंट. उत्तर यायला हवं ३६२८८००, स्क्रीनवर येतं २४३२०. धन संख्या, दिसायला सभ्य... संशय तरी कसा येणार? पण कंट्रोल-एफ७ दाबून व्हेरिएबलवर वॉच लावा आणि एफ७ दाबत एकेक ओळ पुढे सरका. ७ ला ५०४०. ८ ला एकदम -२५२१६! सोळा बिटांत ३२७६७ च्या पुढे जागाच नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. समोर घडताना दिसतं.

आत चालतं ते असं: कंपायलर सोर्सची कुठली ओळ मशीन कोडच्या कुठल्या पत्त्यावर गेली, ह्याची यादी ठेवतो. ब्रेकपॉइंट म्हणजे त्या पत्त्यावर ठेवलेली 'इंट ३' ही एका बाइटची सूचना. ती आली की प्रोसेसर थांबतो आणि ताबा डीबगरकडे जातो.

परीक्षेत एफ७ ला मार्क नव्हते. तरी ही की लॅबमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे पोचत राहिली, कारण ती हाताशी होती. डीबगरसाठी एडिटर सोडावा लागला असता, तर बहुतेकांनी प्रिंटएफवरच भागवलं असतं.

आजचा व्हीएस कोड पुन्हा ईमॅक्सच्याच वाटेनं जातो: डीबगर वेगळा, एडिटर त्याच्याशी ठरलेल्या भाषेत बोलतो. फुकट आहे, एका कीवर आहे. तरीही आपण लॉगच्या ओळी घालत बसतो. असो. सोमवारी एक ब्रेकपॉइंट लावून बघा!