मायन्यातली रिकामी जागा

मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरूने तिला अक्षरे लटकवत जाई. दोन शब्दांत जागा सोडायची रीत नव्हती. शब्द कुठे तुटतो, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. मायना ठरलेला, म्हणून निदान सुरुवातीला तरी अडायला होत नसे.

ईमेलच्या मायन्याचे, म्हणजे हेडरचे, नेमके उलटे. १९८२ च्या आरएफसी ८२२ या नियमावलीने रिकाम्या जागेलाच अर्थ दिला: ओळ स्पेसने किंवा टॅबने सुरू झाली, की ती मागच्याच हेडरचा उरलेला भाग.

लॅरी वॉल यांची पर्ल भाषा १९८७ ची. तिच्यात हेडर वाचताना आधी या दुमडलेल्या ओळी जोडून घ्याव्या लागतात. खरा छळ मात्र ओळीच्या शेवटी असतो. ईमेलची ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते. युनिक्सवर पर्लची 'चॉम्प' ही आज्ञा त्यांतले एकच काढते. पडद्यावर दोन पत्ते हुबेहूब दिसतात, तरी जुळत नाहीत. अशा वेळी पत्ता चौकोनी कंसांत छापून पाहावा. शेवटचा कंस ओळीच्या सुरुवातीला, पहिल्या कंसावरच येऊन बसलेला दिसतो.