जर्मनी, परभणी आणि एक बुजवलेली बारव

पुण्या-मुंबईकडे कुठे गेलो आणि ‘गाव कोणते?’ या प्रश्नाला ‘परभणी’ असे उत्तर दिले, की समोरचा माणूस हमखास हसतो. मग तो म्हणतो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ आपण काही नवे बोललो असे त्याला वाटत असते. आपणही हसायचे. ही म्हण कोणी काढली, जर्मनीच का, फ्रान्स का नाही, याची दहा उत्तरे मी गावात ऐकली आहेत आणि दहाही एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी म्हण मात्र आम्ही आपापसातच वापरतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ कुठे काही जमले नाही तर शेवटी गाव आहेच, असा तिचा अर्थ. पहिल्या म्हणीत फुशारकी आहे आणि दुसरीत हताशपणा. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण या दोन म्हणींच्या मधली परभणी कोणती, हे मुलांना नीट सांगू शकलो नाही. क्रमिक पुस्तकात ती नव्हतीच.

श्रोतेहो, आधी एक कबुली द्यायला हवी. आमच्या जिल्ह्याचा जुना इतिहास शोधायला निघालात तर परभणी शहर मागे राहते आणि पाथरी पुढे येते. प्रभावती देवीच्या नावावरून प्रभावतीनगरी आणि तिची पुढे परभणी झाली, असे आम्ही सांगतो. पाथरीचा ऐवज मात्र नावाच्या व्युत्पत्तीपुरता नाही. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरीचे नाव आहे. म्हणजे त्या वेळी कारभाराच्या दृष्टीने आम्ही वऱ्हाडात होतो. त्याच्याही आधीची गोष्ट आणखी रंगतदार आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातले, असे फेरिश्ता सांगतो. मूळ गाव आपल्या ताब्यात हवे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. त्याने ती दिली नाही. मग १५१८ मध्ये बुऱ्हाणने चाल करून ती घेतली आणि त्या एका गावापायी दोन शाह्यांचे वैर पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिले. सुलतानालासुद्धा आपले गाव सुटत नाही, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

त्याच सुमारास त्याच गावात एक वेगळेच काम चालले होते. पार्थपूर म्हणजेच पाथरी, असे शं. बा. दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त म्हटले आहे. या पार्थपुरात ज्ञानराज नावाच्या ज्योतिष्याने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांनंतर साडेतीनशे वर्षांनी ग्रहगणिताची सगळी मांडणी पुन्हा नव्याने करणारा हा ग्रंथ आहे. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास हा तर बापसे बेटा सवाई. त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि लीलावतीवर टीका लिहिल्या. शिवाय ‘रामकृष्णविलोमकाव्य’ नावाचे एक अजब काव्य केले. त्यातले श्लोक सरळ वाचले तर रामकथा आणि उलटे वाचले तर कृष्णकथा! लीलावतीवरच्या १५४१ च्या टीकेचे नाव त्याने ठेवले ‘गणितामृतकूपिका’, म्हणजे गणिताच्या अमृताची विहीर. पुण्यामुंबईचे राहू द्या, पाथरीत तरी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? साईबाबांचे जन्मस्थान पाथरीच की काय, यावर जानेवारी २०२० मध्ये केवढे वादळ उठले, शिर्डी बंद झाली. सूर्यदासाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

अशा पाथरीला मागे टाकून परभणी पुढे आली, ती रेल्वेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाडहून सिकंदराबादेकडे निजामाची मीटर गेज रेल्वे निघाली. तिने पाथरीला वळसा घातला. पाथरीच्या माणसाला गाडी धरायची तर मानवत रोड स्टेशन गाठावे लागले, ते आजतागायत. इकडे परभणीला स्टेशन मिळाले. कचेऱ्या, वखारी, सरकी काढणारे जिनिंग कारखाने आणि मोंढा, सगळे त्या रुळांच्या आसऱ्याने वाढले. मानवतचे नाव बाहेरच्या लोकांना १९७२ ते ७४ मधल्या खुनांमुळे आठवते. आमच्या लेखी मात्र ते कापसाच्या बाजारपेठेचे गाव आहे.

कापूस का, तर जमीनच तशी आहे. उत्तरेला जिंतूरकडे डोंगर, दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाटच्या रांगा आणि मधे गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यातली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात तीच पायातली चप्पल ओढून घेते. निजामाच्या काळापासून इथल्या मेहबूब बाग फार्मवर कापसाचे संशोधन चालत आले. मराठवाडा दुष्काळात होरपळत होता त्या १९७२ साली, १८ मे रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. विद्यापीठाने काय दिले, असे कोणी विचारले तर मी भेंडीचे उदाहरण देतो. केवडा रोगाने भेंडीचे मळेच्या मळे पिवळे पडत. तेव्हा इथल्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनी या वाणाचा भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर केला आणि त्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ काढली. हे बियाणे देशभर गेले. क्रांती म्हणावी असे काही परभणीत घडले ते भेंडीत, असे आमचे एक सहकारी शिक्षक म्हणत. ते विज्ञानाचे होते, त्यांना माफ आहे.

आणखी एका वाणाचे नाव मला विशेष प्रिय आहे. देशी कापसाचा हा वाण, ‘परभणी तुराब’. परभणीत तुराब म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा येतो. फेब्रुवारीत तिथे उरूस भरतो, तेव्हा निम्मा जिल्हा शहरात असतो. लहानपणी आमच्या घरात दिवाळीइतकीच उरुसाची वाट पाहिली जाई. आई चादर चढवी आणि आम्हाला मौत का कुआँ पाहायला पैसे देई. तिला त्यात काही वेगळे वाटत नसे. आम्हालाही नाही.

निजामाच्या राज्यात असण्याची ही एक बाजू होती. दुसरी बाजू विसरता येत नाही. जिल्ह्याचा अधिकारी ‘अव्वल तालुकदार’, बांधकाम खाते ‘तामीरात’, शाळेची भाषा उर्दू. आपल्या मागण्या आपल्या भाषेत मांडायला लोकांना १९३७ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. त्या तामीरात खात्यात एक कारकून कविता आणि कादंबऱ्या लिहीत होता. तो म्हणजे बी. रघुनाथ. १९५३ साली अवघ्या चाळिशीत ते गेले. उमेदीची सगळी वर्षे फायलींत घालवून ‘आलाप आणि विलाप’, ‘आडगावचे चौधरी’ लिहिणाऱ्या या माणसाचे नाव आज शहरातल्या सभागृहाला आहे. १९९५ मध्ये इथे अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष नारायण सुर्वे. त्या दिवसांत परभणीकर रस्त्याने जरा ताठ चालत.

मधल्या काळात जिल्हा मात्र लहान होत गेला. १९८१ मध्ये परतूर जालन्यात गेले आणि त्याबरोबर बी. रघुनाथांचे जन्मगाव सातोनाही. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. औंढा नागनाथ गेले, नामदेवांची नर्सी गेली. जनाबाईंचे गंगाखेड तेवढे राहिले. कारभारासाठी हे आवश्यक असेल. पण फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढण्याची सवय असलेल्या माझ्या हाताला वळण बदलायला दोन वर्षे लागली.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी बारव होती. चौकोनी, दगडी, तीन बाजूंनी पायऱ्या आणि देवळीत एक झिजलेली मूर्ती. १९८६ च्या उन्हाळ्यात एक पोर पाय घसरून पडले, सुदैवाने वाचले. पाण्यात कचरा, वर डासांचे घोंघावणे. गल्लीची बैठक झाली. बारव बुजवावी, असे ठरले. हात वर करून संमती द्यायची होती. मी इतिहासाचा शिक्षक, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हात वर केला. चार दिवस ट्रॅक्टरने मुरूम आणि पाडकामाचा दगडविटा येत होता. त्याच वर्षी वर्गात मी यादवकालीन स्थापत्य शिकवले.

चारठाण्याची मंदिरे, धारासूरचे गुप्तेश्वर, पिंगळी आणि आर्वीच्या बारवा हे सगळे मी निवृत्तीनंतर पाहिले. सेलू तालुक्यातल्या वालूरला गेलो तो तिथल्या बारवेची बातमी वाचून. गावकऱ्यांनी २०२१ मध्ये श्रमदानाने गाळ उपसून ती मोकळी केली होती. तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, गोल फिरत शंखासारख्या आत जातात. मी नातवाला बरोबर नेले होते. तो पायऱ्या मोजत उतरत होता आणि मधेच आकडा चुकून पुन्हा वरून सुरुवात करत होता. वर आल्यावर त्याने विचारले, ‘आजोबा, अशी आपल्या गावात नाही का?’

होती, म्हणालो.

‘मग दाखवा.’

परतल्यावर त्याला गल्लीच्या टोकाशी नेले. तिथे आता एक पानटपरी आहे आणि मोटारसायकली लावतात. नातू आजूबाजूला पाहू लागला, तेव्हा टपरीवाल्याने आपणहून सांगितले, ‘सर, गाडी इकडं नका लावू. दर पावसाळ्यात एवढीच जागा खचते. कालच मुरूम टाकलाय.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)