गोदातीर्थांचे घाटमार्ग (थळ घाट व नाणेघाट)

कोकणातून गोदावरीकाठच्या नासिक व पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) या तीर्थनगरांकडे जाणारे दोन प्राचीन मार्ग. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून ते सह्याद्री चढतात. शहापुरातून कसाऱ्याच्या थळ घाटाने नासिक, तर मुरबाडमधून नाणेघाटाने जुन्नर व पुढे पैठण गाठता येई.

दोन्ही मार्ग मुळात व्यापाराचे. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असून त्यात यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची नोंद आहे. जवळचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. प्रवाशाची सोय करणे हे तेव्हा दानधर्माचेच अंग होते. नासिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सोपारा, गोवर्धन इ. ठिकाणी धर्मशाळा बांधल्याचा आणि नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा उल्लेख आढळतो. हे लेणे बौद्ध भिक्षूंना दिलेले असले, तरी त्यातील लेखात ब्राह्मणांना दिलेली दानेही नमूद आहेत.

नासिकच्या यात्रेत रामकुंडातील स्नान, अस्थिविसर्जन व श्राद्ध, आणि पंचवटीतील देवदर्शन यांना महत्त्व आहे. गुरू सिंह राशीत असता, दर बारा वर्षांनी, सिंहस्थ भरतो. काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. नारोशंकराच्या मंदिरातील (१७४७) मोठी घंटा वसईच्या विजयाची (१७३९) खूण मानली जाते. म्हणजे यात्रेकरूंप्रमाणे तीही उत्तर कोकणातूनच वर आली.

मार्गांचे भवितव्य मात्र आगगाडीने ठरविले. लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट ओलांडून इगतपुरीपर्यंत पोहोचला. घाट चढण्याचे कष्ट संपले व मुंबईकराला नासिक जवळचे झाले. नाणेघाटाच्या वाट्यास असे काहीच आले नाही. कल्याण–मुरबाडकडून वर जाणारा मोटाररस्ताही पुढे माळशेज घाटाने काढण्यात आला, आणि एके काळचा राजमार्ग गिर्यारोहक व अभ्यासक यांच्यापुरता उरला. थळ घाटातून पायी जाणे पूर्णपणे थांबलेले नाही. मुंबईहून शिर्डीस निघणाऱ्या पालख्या शहापूर–कसारामार्गेच जातात.

गाडीत बसण्यास जातीची आडकाठी नव्हती. देवळाच्या दाराशी होती. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूस काळारामाचे दर्शन घेता येत नसे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. संघटनेची मोठी जबाबदारी दादासाहेब गायकवाड यांनी पेलली. मंदिराची दारे बंद ठेवण्यात आली. त्या वर्षी रामनवमीच्या रथोत्सवात सत्याग्रहींनीही रथ ओढावा अशी तडजोड झाली होती. ती प्रत्यक्षात पाळली गेली नाही, उलट दगडफेक झाली. सत्याग्रह खंड पडत अनेक वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नासिक जिल्ह्यातीलच येवले येथे आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. तोवर त्या घोषणेस सुमारे बारा वर्षे लोटली होती.